पावसाचा अंदाज आणि सहलीचा बेत: वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात स्वतःची गाडी घेऊन कोकणात, घाटमाथ्यावर किंवा विदर्भात जाणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न (पुणे): गेल्या जुलैत आमचा चार दिवसांचा बेत होता. शुक्रवारी ताम्हिणीतून माणगाव, महाड, खेड करत दापोली. शनिवारी दाभोळची फेरीबोट घेऊन गुहागर. रविवारी गणपतीपुळे आणि सोमवारी आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे पुणे. बरोबर आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. दोन दिवस आधी हवामान खात्याने शुक्रवारसाठी पुण्याच्या घाट विभागाला रेड अलर्ट दिला, रायगड-रत्नागिरीला ऑरेंज. शनिवारपासून सगळीकडे यलो होता. आम्ही सहलच रद्द केली. यंदा असंच झालं तर काय करावं?

उत्तर: रद्द करायची गरज नव्हती. बेत उलटा फिरवायला हवा होता.

तुमच्या चार दिवसांत पावसाने खरंच अडतील अशा जागा चारच होत्या: ताम्हिणी घाट, महाडजवळचा सावित्रीकाठ, दाभोळची फेरी आणि आंबा घाट. बाकीच्या रस्त्यावर पाऊस पडला तर गाडी हळू चालते, एवढंच. पहिल्या आखणीत या चारांपैकी दोन जागा, त्याही सगळ्यांत नाजूक, नेमक्या सगळ्यांत वाईट दिवशी आल्या होत्या. अंदाज बघून बेत बदलायचा म्हणजे एवढंच करायचं: नाजूक जागा आणि वाईट दिवस यांची गाठ पडू द्यायची नाही.

शुक्रवार देशावर काढायचा. पुणे ते कोल्हापूर महामार्गाने सुमारे २३० किमी. सह्याद्रीच्या पूर्वेकडे पाऊस किती झपाट्याने उतरतो याचा आपल्याला विसर पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम १९ किमीवरच्या पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सा, आणि पसरणी घाट उतरून वाईला आलं की त्याहूनही बराच कमी. अरबी समुद्रावरून येणारे ढग डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे घाट विभागात रेड असतानाही सातारा-कराडचा महामार्ग बहुतेक वेळा चालू असतो.

शनिवारी सकाळी आठला कोल्हापूर सोडायचं. मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा. अकरापर्यंत घाट खाली उतरलेला असावा. दुपारी गणपतीपुळे. रविवारी जयगड-तवसाळ फेरीने गुहागर. फेरी बंद असेल तर राई-भातगावच्या पुलावरून रस्ता आहे. सोमवारी सकाळी सातला गुहागरहून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज, पुणे. हा शेवटचा दिवस पावणेतीनशे किमीच्या वर जातो, म्हणून कुंभार्ली दहाच्या आत चढायचा. दापोली या फेरीत सोडून द्यायची. ती ठेवण्याच्या नादात एक दिवस सात-आठ तासांचा होतो, आणि आजी-आजोबा नि लहान मूल बरोबर असताना, परतीचा दिवस सोडला तर, पावसात पाच तासांच्या वर ड्रायव्हिंग ठेवू नये. नकाशावर दिसणाऱ्या वेळेत घाटरस्त्याला तिसरा हिस्सा जास्त धरा.

कोल्हापूरची बाजू निवडताना एक गोष्ट मात्र पाहायलाच हवी: पंचगंगेची पातळी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आकडा रोज, पुराच्या दिवसांत तर दर काही तासांनी जाहीर होतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. पातळी पस्तिशीत असेल आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर कोल्हापूरला जायचं नाही; साताऱ्याला किंवा कराडला मुक्काम करून कुंभार्लीने खाली उतरायचं. नदी पावसाच्या मागून चढते. आकाश उघडलं तरी धरणाचं पाणी यायचं बाकी असतं, आणि सहलीला निघालेल्यांची फसगत बहुतेक वेळा त्या उघडलेल्या दिवशीच होते.

प्रश्न (ठाणे): फोनवरचं अॅप जुलैभर रोज ढग-पावसाचं चित्र आणि ९० टक्के दाखवतं. मग अंदाज बघून उपयोग काय?

उत्तर: जुलैत कोकणात पाऊस पडेल का, हा प्रश्नच नाही. ९० टक्के म्हणजे पाऊस पडण्याची शक्यता. किती पडेल हे त्यात येत नाही. दोन सरी पडल्या तरी अंदाज खरा ठरतो. तुम्हाला हवे आहेत मिमी आणि तास.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्यावर अत्यंत जोरदार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून शनिवारच्या बातमीत आलेला मोठा आकडा बहुतांश शुक्रवारचा असतो. तो वाचून शनिवारचा बेत मोडू नका. आणि ७० मिमी दिवसभर रिपरिप पडला तर रस्ता चालू राहतो. तोच तीन तासांत कोसळला तर मोऱ्या तुंबतात आणि दरडी सैल होतात. त्यामुळे दिवसाच्या आकड्याबरोबर तासावारी आलेखही बघा.

हवामान खात्याच्या पत्रकातले शब्दही मोजूनमापून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी पाऊसमापक केंद्रांवर. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून जास्त केंद्रांवर. ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार’ असा इशारा असेल तर जिल्ह्याच्या बहुतेक भागात तुम्हाला साधा पाऊस भेटेल, पण कुठेतरी एक ओढा नक्की फुगेल.

रंग बघताना जिल्ह्याचं नाव नीट वाचा. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांसाठी घाट विभागाचा इशारा वेगळा दिलेला असतो. शहराचा यलो बघून ताम्हिणीत शिरणं ही नेहमी होणारी चूक. २५ जुलै २०२४ ला पुण्यात शिवाजीनगरला २४ तासांत शंभरावर मिमी पाऊस झाला आणि शहरात हाहाकार उडाला. त्याच वेळी ताम्हिणीत तो साडेपाचशेच्या घरात होता. अॅपमागची संगणकीय प्रारूपं अनेक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी काढतात, त्यात घाटाचा अरुंद पट्टा पुसला जातो. मे २०२५ पासून आपल्याकडे ६ किमीच्या चौकोनाचं भारत फोरकास्ट सिस्टिम वापरात आलं आहे, तरी एका घाटाच्या दोन बाजू वेगळ्या दाखवणं त्यालाही अवघडच. म्हणून घाटासाठी अॅपचा आकडा कमीत कमी समजायचा.

किती दिवस आधीचा अंदाज धरायचा? पाच दिवसांपूर्वीचा फक्त कल सांगतो. तेव्हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का ते बघा. ते ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकलं की अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात आणि कोकण-घाटात तीन-चार दिवस झोड उठते. मुक्कामांचा क्रम ठरवायला दोन दिवस आधीचं दुपारचं पत्रक पुरेसं विश्वासाचं असतं. आणि घाटात शिरायचं की नाही हे त्या सकाळच्या तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यावर आणि रडारच्या चित्रावर ठरवा. ‘मौसम’ आणि ‘सचेत’ ही दोन्ही सरकारी अॅप्स फोनमध्ये असावीत. जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या शेवटी विजांसाठी ‘दामिनी’.

प्रश्न (सांगली): फरशी पुलावरून पाणी जात असेल तर किती खोलीपर्यंत गाडी घालायची? लोक अर्धा टायर म्हणतात.

उत्तर: वाहत्या पाण्यात अजिबात नाही. अर्ध्या टायरचा हिशेब फक्त साचलेल्या, स्थिर पाण्यासाठी आहे, आणि तोही वरच्या टोकाचा.

लहान गाडीच्या चाकाची उंची साधारण ५८ ते ६० सेंमी असते, म्हणजे अर्धा टायर झाला ३० सेंमी. गाडीचा तळ जमिनीपासून १६ ते १८ सेंमीवर. पाणी तळाच्या वर गेलं की गाडीला उचलायला लागतं, चाकांवरचा भार कमी होतो आणि पकड सुटते. ३० सेंमी वाहतं पाणी लहान गाडी बाजूला सरकवू शकतं, ६० सेंमी असेल तर जवळपास कुठलीही गाडी नेतं. माणूस तर १५ सेंमीच्या ओढीलाही पडतो; म्हणून ‘मी उतरून बघतो’ हेही नको. फरशी पुलाला कठडे नसतात आणि गढूळ पाण्याखाली कडेची फरशी शिल्लक आहे की वाहून गेली हे वरून कळत नाही. समोरून ट्रक आला म्हणून आपण जायचं, हा तर्क चुकीचा. त्याचं वजन आणि चाकाची उंची आपल्याकडे नाही.

साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिला गिअर, अॅक्सिलरेटर एकसारखा, चालण्याच्या वेगाने. मध्ये गिअर बदलायचा नाही, पाय उचलायचा नाही. पुढची गाडी पलीकडे निघाल्यावरच आपण शिरायचं, कारण तिने उठवलेली लाट आपल्या बॉनेटवर येते. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबत थोडं अंतर जायचं. ओले ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाहीत.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. हवा घेणारं एअर फिल्टरचं तोंड बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीमागे असतं. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फचा एक झटका कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतो. मग इंजिन उघडण्याचा खर्च येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून कोरड्यात आणा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टोइंग बोलवा. मेकॅनिकने आधी एअर फिल्टर ओला आहे का बघायचं, मग प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, तेल बदलायचं आणि त्यानंतरच गाडी सुरू करायची. पुराने झालेलं नुकसान सर्वसमावेशक विम्यात धरतात, पण पाण्यात सेल्फ मारल्याने बिघडलेलं इंजिन बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. निघण्यापूर्वी पॉलिसीत ते आहे का, पाहून ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीला एअर फिल्टरची भीती नाही. बॅटरीला आयपी ६७ दर्जा असेल तर ती १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते. पण तरंगायची भीती तिलाही तेवढीच आहे.

प्रश्न (डोंबिवली, मूळ गाव चिपळूण तालुका): गर्दी टाळायला आम्ही रात्री दहाला निघतो आणि पहाटे गावी पोचतो. पावसाळ्यात हे चालेल का?

उत्तर: ऑरेंज किंवा रेड असेल तर नाही. रस्त्यावर आलेली माती, तुटलेली कड, पुलाच्या पुढचा खड्डा हे हेडलाइटच्या उजेडात ओल्या डांबरावर दिसतच नाहीत. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला तो रात्री, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना, दोन एसटींसह, पुढे पूल नाही हे कळलंच नाही. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला, पण रात्रीचा अंधार तोच आहे. पहाटे साडेचारला निघा. पनवेल, वडखळपर्यंत अंधार चालतो, तो सपाट भाग आहे. महाडच्या पुढे उजेडात जायचं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेडमधला घाट टळतो. चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट मात्र आहे, आणि तिथे पावसाळ्यात दरड येणं नवं नाही.

प्रश्न (रत्नागिरी): मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने, फेरीबोटी घेत यायचं आहे. पावसाळ्यात भरती-ओहोटी कितपत पाहावी?

उत्तर: किनाऱ्याच्या रस्त्याला पावसाइतकीच भरती महत्त्वाची, आणि तिचा अंदाज कॅलेंडरवर आधीच छापलेला असतो. कोळी वाड्यांतला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, एवढं त्यात धरायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढणारी भरती. सहलीची तारीख हातात असेल तर भांगाचे दिवस निवडा.

कारण असं की मोठ्या पावसात नदीला खाडीत उतरायला वाट लागते. उधाणाची भरती ती वाट अडवते आणि पाणी मागे गावात शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यात वाशिष्ठीच्या खोऱ्यातल्या प्रचंड पावसाबरोबर भरतीचाही वाटा होता. त्याच २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला, म्हणजे चिपळूण-महाडच्या माथ्यावर काय कोसळत होतं याची कल्पना येते. ऑरेंजचा दिवस आणि उधाण एकत्र येत असतील तर चिपळूण, महाड, खेड, राजापूर ही नदीकाठची गावं भरतीच्या आधी दोन तास ओलांडलेली असावीत, किंवा मुक्काम अलीकडे करावा.

फेरीबोटी पावसाने सहसा थांबत नाहीत. वाऱ्याने आणि लाटांनी थांबतात. ताशी ४०-५० किमी वाऱ्याचा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा असेल तर त्या दिवशी फेरी नाही असं धरूनच आखणी करा. दापोली ते गुहागर दाभोळ-धोपावे फेरीने पन्नासेक किमी आहे. फेरी बंद असेल तर खेड-चिपळूण फिरून शंभरावर जातं. सकाळी निघताना जेटीवर फोन करा आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर कधीच राहू नका. रांगेत गाडी मागे राहिली तर तो शंभर किमीचा वळसा अंधारात पडतो.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजं पापलेट-सुरमई शोधत दिवस घालवू नये. खाडीतलं आणि सुकं मासळीचं जेवण त्या दिवसांत चांगलं मिळतं. आणि पुळणीवर गाडी उतरवू नये. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीचं पाणी खालून आलं की चाकाखाली सैल होते, आणि तासाभरात गाडी समुद्रात.

प्रश्न (भोर): नकाशावर वरंधा घाट चालू दिसतो, प्रत्यक्षात बंद असतो. खात्रीची माहिती कुठे मिळते?

उत्तर: वरंधा घाट पावसाळ्यात दरडींच्या भीतीने बंद ठेवण्याचा आदेश बऱ्याच वर्षी निघतो. कधी फक्त जड वाहनांसाठी, कधी सगळ्यांसाठी. आदेश जिल्हाधिकारी काढतात, त्यामुळे खात्रीची जागा म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष. ज्या जिल्ह्यात आहात तिथून १०७७ लावा. राज्याच्या कक्षाचा क्रमांक १०७०. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, अपघात किंवा अडकलात तर ११२. घाट दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर असतो, म्हणून दोन्हीकडे विचारा. भोरकडून चालू आणि महाडकडून बंद असं होतं.

याहून जुनी आणि भरवशाची खूण म्हणजे एसटी. डेपोच्या चौकशी खिडकीवर ‘आज गाडी घाटातून गेली का’ एवढंच विचारायचं. एसटीने घाट सोडून दुसरा रस्ता धरला असेल तर आपणही धरावा.

पर्याय निवडताना एक चूक लोक हमखास करतात: एक घाट बंद म्हणून शेजारच्या घाटाकडे धावतात. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी एकाच पावसात भिजत असतात. मोठ्या पावसात एक बंद पडला तर शेजारचाही थोड्या वेळात पडतो. पर्याय निवडायचा तो शंभरेक किमी दूरचा: उत्तरेला द्रुतगती मार्गाने खोपोली-पेण, किंवा दक्षिणेला कुंभार्ली नाहीतर आंबा.

घाट चालू असला तरी आत गेल्यावर नजर डोंगराच्या बाजूला हवी. रस्त्यावर ताजे बारीक दगड, कातळातून अचानक येणारं लाल गढूळ पाणी, वाकलेली झाडं, डांबराला कडेला समांतर गेलेली भेग यांतलं काहीही दिसलं तर पुढे न जाता, वळायला जागा असेल तिथून परत फिरा. फोटोसाठी धबधब्याखाली किंवा उभ्या कापलेल्या कड्याखाली थांबू नका. पाऊस थांबल्यावरही डोंगरातलं पाणी उतरत असतं, दरड त्यानंतरही येते. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे आणि ओल्या घाटात तो जीव वाचवतो.

प्रश्न (नाशिक): पावसात पुढची काच आतून धुरकट होते. एसी लावला तर कधीकधी आणखी वाढते. काय करावं?

उत्तर: आधी काचेवर बोट फिरवून बघा, वाफ आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर माणसांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची दमट हवा आत कोंडली आहे: एसी चालू, हवेचा झोत काचेकडे, आणि आतली हवा फिरवण्याचं बटण बंद. एसी हवेतला दमटपणा काढतो, म्हणून थंडी वाजली तर तापमान वाढवा, पण एसी बंद करू नका. बाहेरून असेल तर काच जास्त थंड झाली आहे आणि बाहेरच्या हवेतला दमटपणा तिच्यावर जमतो: वायपर मारा, झोत काचेवरून काढून पायाकडे घ्या, तापमान दोन-तीन अंश चढवा. ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत, सीटवर नाहीत.

त्याच ओघात टायर. नक्षीची कायद्याने किमान खोली १.६ मिमी, पण पावसाळी घाटासाठी ३ मिमीच्या खाली गेलेला टायर बदलावा. गोटा झालेल्या टायरला पाणी बाजूला सारता येत नाही आणि तो पाण्याच्या थरावर चढतो. महामार्गावर स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर तेच झालंय: ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडा. पावसात क्रूझ कंट्रोल बंद. आणि धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. लो बीम आणि फॉग लाइट, बस.

प्रश्न (नागपूर): ऑगस्टमध्ये आलापल्लीमार्गे हेमलकसा, भामरागडला जायचं आहे. गडचिरोलीचा अंदाज बघून निघालो तर पुरेल का?

उत्तर: पुरणार नाही. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात. इंद्रावती ओडिशातून बस्तरमार्गे येते. तिला पूर आला की पर्लकोटेचं पाणी पुढे जायला वाव नसतो, ते मागे फुगतं आणि भामरागडचा रस्ता तुटतो. गडचिरोलीत ऊन असतानाही हे होतं. म्हणून बस्तर आणि दक्षिण ओडिशाचा मागच्या तीन दिवसांतला पाऊस बघा, पुढच्या तीन दिवसांचा अंदाज बघा, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकला. इथे घाटासारखं चार तासांत मोकळं होत नाही, पाणी उतरायला दिवस लागतात. निघालातच तर परतीसाठी दोन दिवस राखून ठेवा; औषधं, रोख पैसे आणि आलापल्लीला भरलेली टाकी बरोबर असू द्या. ताडोबा जोडायचा विचार असेल तर गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. त्या काळात बफरमधल्या सफारींचीच चौकशी करा.

प्रश्न (सोलापूर): बेत बदलला की हॉटेलचे पैसे बुडतात. त्यावर उपाय?

उत्तर: बुकिंग करतानाच पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मिळेल का ते विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या. कोकणातले घरगुती निवासवाले पावसाळ्यात तारीख बदलायला बहुधा तयार असतात, पण आदल्या दिवशी दुपारच्या आत कळवलं तर. त्यांचाही बाजार झालेला असतो. पहिल्या रात्रीचं बुकिंग घाटाच्या अलीकडचं ठेवा आणि तेवढंच पक्कं करा. म्हणजे दुसऱ्या सकाळी घाट बंद निघाला तरी वाया जाते ती खालची एक रात्र, सगळी सहल नाही. लाल मातीच्या उतारावरचं, फक्त पायवाटेने पोचता येणारं ‘निसर्गरम्य’ कॉटेज जुलैत घेऊ नका. डांबरी रस्त्याला लागून असलेलं घ्या, आणि वीज गेली तर पाणी कसं चढवतात हे फोनवरच विचारून घ्या.